मोहिते विरुद्ध गहू

मोहिते अण्णांना गहू चालत नाही, हे बेंगळुरूच्या जयनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही पटत नव्हतं.

मधुमेह असता तर लोकांनी मान दिला असता. हृदयाचं दुखणं असतं तर आवाज खाली आणून चौकशी केली असती. पण गहू? ज्या गावात सकाळी इडली, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात, तिथं ‘मला गहू चालत नाही’ म्हणून सांगणं म्हणजे समुद्र नसलेल्या गावात ‘मला पोहता येत नाही’ म्हणून हळहळण्यासारखं होतं. लोक म्हणत, “मग भात खा की,” आणि पुढे जात.

अण्णा त्यांना पुढे जाऊ देत नसत. हात धरून समजावत. चपाती सोडणं सोपं होतं, अडचण रव्याची होती. उप्पिट्टू, आपला उपमा, म्हणजे गहू. केसरीभात म्हणजे शिराच, नावात भात असला तरी गहू. रवा इडली गहू, चिरोटी गहू. हिंगाच्या डबीतसुद्धा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे हॉटेलातलं सांबारही संशयित. ऐकणारा माणूस मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, “स्वल्प खाल्लं तर काय होतंय?” त्या ‘स्वल्प’ शब्दाचा अण्णांना जितका राग होता, तितका गव्हाचाही नव्हता.

मी त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. साताऱ्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या फोफावत होत्या, आणि शहरातल्या घरमालकांना एकट्या मुलीला खोली द्यावी की नाही याचा निर्णय घ्यायला एक-दोन आठवडे लागत. अण्णांनी एका बैठकीत निर्णय घेतला. त्यांनी मला आईवडिलांविषयी विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार हे विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “चपात्या करता का तुम्ही?”

मी घाबरत हो म्हटलं.

“करा. आमची हरकत नाही. पण पीठ चाळायचं ते मागच्या गच्चीवर, आणि वारा बघून. पीठ उडत खाली स्वयंपाकघरात आलं तर आम्ही आडवे.” मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. राधाक्का कॉफीचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नव्हत्या. अण्णांनी मला सांगितलं, “राधाचं म्हणणं आहे की मुलगी बरी दिसते, पण ओट्यावर तेल सांडू नये.”

मला वाटलं थट्टा आहे. नंतर कळलं की ती त्यांची सवय होती. राधाक्का कमी बोलत, आणि त्यांच्या गप्प राहण्याचं अण्णा मोठ्याने भाषांतर करत. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. चुकलं तर राधाक्का फक्त भुवई उचलत, आणि अण्णा लगेच म्हणत, “दुरुस्ती.”

भाषांतर हा त्यांचा धंदाच होता. सिटी सिव्हिल कोर्टात ते सगळी नोकरी दुभाषी होते. साक्षीदार कन्नड, मराठी किंवा दख्खनी बोलायचा, अण्णा ते न्यायाधीशांसाठी इंग्रजीत सांगायचे. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं होतं. त्यांची मराठी जुनी होती, मध्ये मध्ये कन्नडचे खडे होते, आणि मला ते ‘तायी’ म्हणायचे, कन्नड माणसं लेकीबाळींना म्हणतात तसं. “आमचे पूर्वज तलवार घेऊन आले,” ते सांगत, “आणि मी डिक्शनरी घेऊन बसलो. पगार तेवढाच.”

त्यांच्याविषयी कोर्टात एक गोष्ट सांगत, आणि ती त्यांना स्वतः सांगायला फार आवडायची. एका जमिनीच्या दाव्यात म्हातारा साक्षीदार चिडला आणि त्याने न्यायाधीशांच्या आईवडिलांपासून सुरुवात करून सगळ्या घराण्याचा उद्धार केला. न्यायाधीश उत्तरेकडचे, त्यांना काही कळलं नाही. त्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. दोन्ही वकील डोळ्यांनी खुणावत होते की सोडून द्या. अण्णांनी घसा साफ केला आणि शुद्ध इंग्रजीत, एकेक शब्द सांभाळून, सगळ्या शिव्या सांगितल्या. न्यायाधीशांनी विचारलं, साक्षीदार खरंच असं म्हणाला? अण्णा म्हणाले, “मूळ वाक्य यापेक्षा जोरदार आहे, माय लॉर्ड. इंग्रजीत तेवढी सोय नाही.”

“भावार्थ वकिलांनी सांगायचा,” असं ते ही गोष्ट संपवताना म्हणत. “माझ्याकडे शब्दार्थ.”

असा माणूस आयुष्यभर पोट धरून जगला होता. तरुणपणापासून त्यांना जुलाब व्हायचे, पोट फुगायचं, रक्त कमी असायचं. कुणी आमांश म्हटलं, कुणी उष्णता म्हटलं. एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर राधाक्कांना सांगितलं की हे सगळं मनाचं आहे, यांना कशात तरी गुंतवा. ताकद यावी म्हणून घरच्यांनी त्यांना काय घालावं? गव्हाचं सत्त्व, तुपातला शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. ते खाऊन ते आणखी वाळायचे. निवृत्त झाले तेव्हा त्यांचा काळा कोट खांद्यावरून ओघळत होता.

मग एका मोठ्या इस्पितळात नवीन आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तोंडातून नळी घालून त्यांच्या आतड्याचा तुकडा काढला आणि तपासून सांगितलं: सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन आतड्याला सोसत नाही, आतडं आतून झिजतं, अन्न अंगी लागत नाही. औषध नाही. गहू बंद, जन्मभर.

अण्णांनी तो शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. गहू बंद केल्यावर काही महिन्यांत ते भरले. कोट अंगाला बसू लागला. गोष्ट इथं संपायला हवी होती.

ती संपली नाही याला कारण कदम मामा. कदम मामा म्हणजे राधाक्कांचे थोरले भाऊ. ते दर रविवारी यायचे आणि दर रविवारी म्हणायचे, “गव्हाने माणूस आजारी पडला असता तर अख्खा पंजाब आडवा झाला असता.” अण्णा त्यांना आतडं समजावून सांगत. मामा ऐकून घेत आणि कन्नडात होकार भरत, “सरी, सरी. पण एका डॉक्टरने सांगितलं म्हणून?” नातेवाईकांच्या लग्नांत तेच. पंगतीत अण्णांनी पुरी नाकारली की यजमानांना वाटे, यांचा आपल्यावर राग आहे. शेवटी अण्णा लग्नांना जाईनासे झाले.

“आता माझी साक्ष नोंदवून घेणारं कुणीतरी पाहिजे,” एकदा जिन्यात मला अडवून ते म्हणाले. “तुमच्या त्या कॉम्प्युटरवर जगातल्या डॉक्टरांना विचारता येतं म्हणे. या रोगावर कुठे अभ्यास चालू असेल तर मला त्यात घ्या म्हणावं.”

माझ्या ऑफिसात तेव्हा ई-मेल होता, आणि साहेब घरी गेल्यावर इंटरनेटही थोडंफार चालायचं. शोधून शोधून मला परदेशातल्या रुग्णांचा ई-मेलवरचा एक गट सापडला. लोक एकमेकांना ई-मेल लिहून कुठल्या बिस्किटात काय असतं ते सांगत. तिथं विचारल्यावर कळलं की युरोपात एका ठिकाणी अशा रुग्णांना ओट चालतात का, याची चाचणी चालू आहे. मी तो कागद छापून आणला. अण्णा दोन दिवस तो घेऊन फिरले. ओट म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण ते खायला ते तयार होते.

त्यांनी मला पत्र सांगितलं आणि मी ते ई-मेलमध्ये घातलं. सुरुवात अशी होती: ‘अर्जदार, वय वर्षे बासष्ट, धंदा निवृत्त दुभाषी, राहणार जयनगर, बेंगळुरू, सविनय सादर करतो की’. पुढे आतड्याच्या तक्रारी कलमवार होत्या. शेवटी ‘आणि या कृपेसाठी अर्जदार सदैव ऋणी राहील’ असं होतं. मी म्हटलं, “अण्णा, ई-मेलमध्ये असं लिहीत नाहीत.”

“कसं लिहितात?”

“हाय, म्हणून.”

पत्र होतं तसंच गेलं.

उत्तर आलं, आणि सभ्य आलं. त्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की इतकं सविस्तर पत्र त्यांना आजवर एकाही रुग्णाने लिहिलेलं नाही, पण चाचणीत भाग घेणारा माणूस त्यांच्या दवाखान्यापासून जवळ राहणारा असावा लागतो, कारण वारंवार तपासणी असते. अण्णांनी नकार मुळीच मनाला लावून घेतला नाही. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्या कोर्टाची आपल्यावर हुकमत नाही. दुसरं कोर्ट बघा.”

दुसरं कोर्ट अमेरिकेत निघालं. त्यांना गहू न सोडलेले रुग्ण हवे होते. तिसऱ्या ठिकाणी फक्त मुलं घेत होते. या सगळ्यात पावसाळा गेला. मग एक दिवस नेहमीच्या तपासणीला गेलेले असताना अण्णांनी आपल्या त्याच डॉक्टरबाईंना सहज सांगितलं की मी युरोपात अर्ज केला होता. त्या म्हणाल्या, “युरोपात कशाला? पुढच्या महिन्यापासून मीच एक अभ्यास सुरू करतेय. तुम्हाला विचारणारच होते.”

घरापासून दोन बसथांबे. अण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाजात जराशी निराशा होती. जगभर वकीलपत्र पाठवून दावा शेवटी शेजारच्या गल्लीत चालावा, तसं.

डॉक्टरांना पाहायचं होतं ते असं. नवीन रक्ततपासणी निघाली होती. ती जर नळीच्या तपासणीइतकी खरी निघाली, तर पुढच्या रुग्णांना दर वेळी नळी गिळायला नको. त्यासाठी आधीच निदान झालेल्या काही रुग्णांनी काही आठवडे रोज मोजून गहू खायचा, मधून मधून रक्त द्यायचं, आणि शेवटी एकदा नळी. म्हणजे ज्यांना गहू चालत नाही त्यांनी गहू चालत नाही हे दाखवण्यासाठी गहू खायचा. राधाक्का हे ऐकून काहीच बोलल्या नाहीत. अण्णांनीही त्या दिवशी भाषांतर केलं नाही.

संमतिपत्रावर सही करायला ते गेले तेव्हा मी बरोबर होते, कारण त्यांना वाटत होतं की सहीला साक्षीदार लागतो. त्यांनी काळा कोट घातला होता. बाकावर पाच-सहा जण बसले होते. एक नर्स प्रत्येकाच्या हातात इंग्रजी कागद देत होती आणि कन्नडात सांगत होती, “इथं सही. काही नाही, रक्त तपासायचंय.” लोक सह्या करत होते. आमच्या शेजारी एक तरुण बाई होती, कल्पना नावाची. बेळगावकडची, नवरा महादेवपुऱ्याच्या एका कारखान्यात कामाला. मराठी ऐकून तिला बरं वाटलं. तिने सही करून टाकली होती.

अण्णा कागद वाचत होते. ते कागद वाचताना ओठ हलवत. दुसऱ्या पानावर ते थांबले आणि कल्पनाला विचारलं, “तुम्ही हे वाचलंत का?”

“मला इंग्रजी येत नाही अण्णा. बाई म्हणाल्या रक्त तपासायचंय.”

“तुम्ही कशासाठी येता इथं?”

ती जरा लाजली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “दोनदा दिवस गेले होते. राहिलं नाही. मग इथल्या डॉक्टरांनी गहू बंद करायला लावला. आता अंगात रक्त भरलंय. पुन्हा बघा म्हणाल्यात.”

अण्णांनी घसा साफ केला. कोर्टात करत असणार तसाच. “इथं लिहिलंय ते मी सांगतो. शब्दाला शब्द सांगतो. ‘ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा नजीकच्या काळात गरोदर राहू इच्छितात, त्यांनी या अभ्यासात भाग घेऊ नये.’ आणि त्याच्या आधी लिहिलंय की तुम्हाला रोज गहू खावा लागेल.”

“गहू?” ती म्हणाली. “मला बंद आहे की तो.”

“म्हणूनच.”

ती उठली, नर्सकडे गेली आणि आपला कागद परत मागितला. नर्स म्हणाली, आता सही झालीय. अण्णाही उठले. “पान तीन,” ते म्हणाले. “सही झाल्यावरही माघार घेता येते. कारण सांगायची गरज नाही.” मग तेच वाक्य त्यांनी कन्नडातून बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं, आणि कुणी विचारलं म्हणून आधीची दोन पानंही. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा बाकावर अण्णा आणि एक झोप लागलेले गृहस्थ एवढेच उरले होते.

कल्पना पुन्हा कधी भेटली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. कल्पनाचा मुद्दा त्यांना पटला होता, आणि त्याने त्या घाबरल्याही होत्या. ती सही त्यांच्या नजरेतून सुटली असती तर काय, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “मोहिते, हा कागद तुम्ही कन्नडात आणि मराठीत करून द्याल का? नीट.”

अण्णांना अभ्यासात घेणं ही आपली पहिली चूक आणि ही दुसरी, असं त्या पुढे हसून सांगत.

अण्णांनी ‘नीट’ हा शब्द मनावर घेतला. त्यांचं भाषांतर मी वाचलं आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ‘या अभ्यासातून आपणास स्वतःस कोणताही लाभ होईलच असे नाही. आपणास जुलाब, पोटदुखी, अशक्तपणा व वजनात घट यांचा त्रास होण्याचा पुरेपूर संभव आहे. आपण नकार दिल्यास आपल्या उपचारांत तिळमात्र फरक पडणार नाही.’ इंग्रजीत हे गुळगुळीत वाटायचं. मराठीत वाचल्यावर माणूस चप्पल शोधू लागायचा. शिवाय अण्णा स्वतः वाचून दाखवायला जात, आणि वाचून झालं की चष्म्यावरून पाहत विचारत, “समजलं? काय समजलं ते सांगा.” दहातले सातआठ जण उठून जात.

“मोहिते,” डॉक्टर एकदा म्हणाल्या, “तुम्ही माझ्या बाजूचे आहात की त्यांच्या?”

“दुभाष्याला बाजू नसते, मॅडम.”

“पण तुम्हाला स्वतःला हा अभ्यास व्हायला हवाय ना?”

“फार हवाय,” अण्णा म्हणाले. ते खरं होतं. एकेक माणूस उठून गेला की ते घरी येऊन उदास बसत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाचत.

जे मोजके राहिले, त्यांत अण्णा होते. त्यांच्यासाठी राधाक्कांनी काही वर्षांनी पुन्हा घरात कणीक आणली. पहिल्या दिवशी अण्णा पाटावर बसले, चपातीचा तुकडा मोडला आणि खाण्याआधी त्याचा वास घेतला. दुसरा तुकडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला. एवढा प्रामाणिक माणूस, पण त्या दिवशी चपाती आवडली की नाही याची साक्ष त्याने दिली नाही.

रविवारी कदम मामा आले. अण्णांच्या पानात चपाती पाहून त्यांना भरून आलं. “बघ, मी म्हणत होतो. काही झालं का?”

“अजून नाही,” अण्णा म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात व्हायचं ते झालं. आधी पोट फुगू लागलं, मग रात्रीचं जागरण सुरू झालं, मग जिना चढताना ते मध्येच कठड्याला धरून उभे राहू लागले. चेहऱ्याचा रंग उतरला. डॉक्टर दर आठवड्याला तपासत आणि दर वेळी विचारत, थांबायचं का? अण्णा म्हणत, चालू द्या. कदम मामा पुन्हा आले तेव्हा अण्णा गादीवर पडून होते. मामा हबकले. “अहो, मग खाता कशाला?”

“तुमच्यासाठी,” अण्णा म्हणाले.

एका दुपारी मी खाली ताक मागायला गेले, तर राधाक्का परातीपुढे बसल्या होत्या. कणीक कोरडीच होती. अण्णा दाराला टेकून बसले होते.

“तो कागद आणा,” राधाक्का म्हणाल्या. “त्या पोरीला वाचून दाखवला तो.”

अण्णांनी कागद आणला.

“मराठीतला वाचा. पान तीन.”

अण्णांनी वाचलं. “‘सहभागी व्यक्तीस कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडता येईल.’”

“कोणत्याही क्षणी म्हणजे कधी?”

“कधीही.”

“आत्ता चालेल?”

“चालेल.”

“मग?”

अण्णा गप्प राहिले. त्या घरात गप्प राहण्याचं भाषांतर करणारा माणूस एकच होता, आणि आता तोच गप्प होता. मी ताकाचं भांडं खाली ठेवून निघणार, तेवढ्यात ते बोलू लागले. माझ्याकडे पाहून नाही, परातीकडे पाहून.

त्यांना एक धाकटी बहीण होती. वत्सला. ती मला ठाऊक नव्हती. राधाक्कांनाही नाव ऐकूनच माहीत होती. लहानपणी पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं जंत. आई कामात असे, त्यामुळे तिला भरवायचं काम अण्णांकडे होतं. “वैद्यांनी सांगितलं होतं, गव्हाची लापशी घाला, अंगात ताकद येईल. ती तोंड फिरवायची. मी नाक दाबून घालायचो. आईला सांगायचो, आज सगळी संपवली.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती शाळेत जायच्या आधीच गेली, एवढंच सांगितलं. “डॉक्टर म्हणतात हा रोग घराण्यात असतो. ही रक्ततपासणी खरी निघाली, तर पोरांना नळी घालायला नको. बोटभर रक्तात कळेल.”

राधाक्कांनी परातीत पाणी ओतलं आणि कणीक मळायला घेतली. “मोजून सांगितलंय तेवढंच खायचं,” त्या म्हणाल्या. “घासभरसुद्धा जास्त नाही.”

अण्णांनी शेवटपर्यंत खाल्लं. रक्ततपासणीने बरोबर ओळखलं आणि नळीनेही तेच सांगितलं. निकाल ऐकायला ते गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडे एकच मागणी केली. त्यांना तो तुकडा स्वतः पाहायचा होता. डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आधी एका निरोगी माणसाच्या आतड्याची काच लावली: गालिच्याचे धागे उभे असावेत तसे असंख्य बारीक तंतू. मग अण्णांची.

ते फार वेळ वाकून पाहत राहिले.

“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सपाट आहे.”

“हो. पण आता गहू बंद केला की पुन्हा उगवतील.”

“लहान मुलांमध्येही असंच दिसतं?”

“असंच. फक्त मुलांचं लवकर भरून येतं. गहू थांबवला की महिन्याभरात ओळखू येत नाहीत इतकी सुधारतात.”

“सरी,” अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पण लावला नाही, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले.

कदम मामांना त्यांनी अहवाल दाखवला. मामांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “नळी घालून घालून खराब झालं असेल.” अण्णांनी यावर वाद घातला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी गव्हाविषयी कुणाशीच वाद घातला नाही. लोक ‘स्वल्प खा’ म्हणाले की ते नुसते हसायचे आणि लग्नांना पुन्हा जाऊ लागले, घरून खाऊन.

अभ्यास लहानच राहिला, कारण माणसं लहान आकड्यातच राहिली. डॉक्टरांना मोठा लेख करता आला नाही. एका वैद्यकीय मासिकाच्या शेवटच्या पानांत दोन रकान्यांची टिपणी छापून आली. त्याची प्रत त्यांनी अण्णांना दिली. नाव कुणाचंच नव्हतं. अण्णांनी आधी त्यातल्या इंग्रजीच्या चुका काढल्या. मग एका ओळीवर बोट ठेवून ती मला वाचायला लावली. ‘सर्व सहभागींना त्यांच्या स्वतःच्या भाषेत माहिती देण्यात आली.’

“हे मी,” ते म्हणाले.

त्यानंतर माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला गेले. पुढे पत्रं येत, मग सणावारी फोन, मग तेही विरळ झाले. अण्णा झोपेतच गेल्याचं मला राधाक्कांकडून बऱ्याच उशिरा कळलं. म्हणून माझ्यापुरतं शेवटचं पाहणं त्याच्या आदल्या वर्षीचं.

कामासाठी बेंगळुरूला आले होते आणि सकाळच्या गाडीने परतायचं होतं. रिक्षा जयनगरच्या बागेपाशी वाहनांच्या रांगेत अडकली. बागेत म्हाताऱ्यांच्या हास्यमंडळाचा गोल उभा होता. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. शिट्टी वाजली की सगळे हात वर करून मोठ्याने हसायचे. गोलात अण्णा होते. कोट नव्हता, स्वेटर होता, अंगाने चांगले भरले होते. सगळ्यांबरोबर ते शिस्तीने हात वर करत होते, पण चेहरा अगदी गंभीर. हसायला सांगितलं म्हणून हसण्याइतके ते कधीच सवंग नव्हते. शिट्टी पुन्हा वाजली. हात पुन्हा वर गेले. मग हात तसेच वर ठेवून ते शेजारच्या गृहस्थाच्या कानाशी वाकले आणि काहीतरी म्हणाले.

त्या गृहस्थाने आधी तोंड दाबलं. मग त्याला राहवेना. तो पोट धरून खाली वाकला, शेजारच्याने विचारलं, त्याला सांगितलं गेलं, तोही फुटला. हसू गोलातून पुढे सरकत गेलं आणि शिट्टीचा ताल पार बिघडला. शिट्टीवाले हातवारे करून सगळ्यांना थांबवत होते. अण्णा तेवढे हात वर करून, पुढच्या शिट्टीची वाट पाहत, सरळ उभे होते.

मी हाक मारणार होते. पण पुढची रांग सुटली, आणि रिक्षावाल्याने रिक्षा दामटली.